शेवटचा फर्मा

काकूंची नोकरी बटणं ओढण्याची होती. तयार शर्टांच्या कारखान्यात टेबलाच्या टोकाला बसायचं, समोर येणाऱ्या प्रत्येक शर्टाचं प्रत्येक बटण चिमटीत धरून ओढायचं, शिवण उलटी करून बघायची, कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची आणि मग शिक्का मारायचा. बटण तुटलं तर शिवणारीची चूक, आणि गिऱ्हाइकाच्या घरी तुटलं तर ओढणारीचा हात ढिला, असा तिथला न्याय. उभी हयात अशी गेल्यावर माणसाचा स्वभाव दुसरा काय होणार? निवृत्त झाल्या तरी बोटांची सवय सुटली नाही. दूधवाला, प्लंबर, डॉक्टर, सख्खी नणंद, कुणीही समोर आलं की काकू मनातल्या मनात त्याचं एखादं बटण ओढून बघायच्याच. विश्वास ठेवायला त्यांची ना नव्हती. आधी तपासून घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

नवरा याच्या अगदी उलट. तो छापखान्याच्या बांधणीखात्यात होता आणि सगळं गाव त्याला बाइंडर म्हणूनच ओळखायचं. तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, पत्ते नाहीत. त्याला व्यसन एकच, पुढे काय होणार याची पुस्तकं. त्यातली निम्मी विज्ञानकथांची. कुठल्याशा ग्रहावर निघालेली जहाजं, मालकाला उलट बोलणारी यंत्रं, समुद्राच्या तळाशी वसलेली शहरं. उरलेली निम्मी त्या सर्वज्ञ लोकांची, ज्यांना येत्या शंभर वर्षांत काय काय घडणार हे आजच ठाऊक असतं. एकात लिहिलेलं साल उलटून गेलं तरी माणसं अजून पायानंच चालत होती, पण बाइंडरचा त्या पुस्तकावरचा लोभ काही कमी झाला नाही. प्रत्येक पुस्तक तो घरी आणून नव्यानं बांधायचा, पाठीला स्वतः निवडलेलं रंगीत कापड लावायचा. बाहेरच्या खोलीची एक भिंत त्यानं अशी जमिनीपासून छतापर्यंत भरून टाकली होती.

काकूंनी त्यातलं एकही पुस्तक कधी उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती. रोज जेवताना बाइंडर आदल्या दिवशी वाचलेलं सांगायचा आणि एकेक पुस्तक आठवडाभर पुरायचं.

"मग त्या यंत्राला वीज कुठून मिळते?" काकू मध्येच विचारायच्या.

"सूर्यावरून."

"आणि रात्री?"

"तपासनीसबाई, जेवा आता," बाइंडर म्हणायचा.

त्या जेवणांमधून काकूंकडे अख्खी भिंत तोंडपाठ जमा झाली. पुस्तकांची नावं त्यांना येत नसत, रंग मात्र पक्के. पिवळ्यातला मुलगा शेवटी पृथ्वीवर परत येतो. हिरव्यातलं यंत्र शेवटी स्वतःच स्वतःला बंद करतं. आणि शेवटचं निळं. ते बाइंडरनं आजारपणात, उशीला टेकून, दोन घोट पेज घेत घेत सांगितलं होतं.

बाइंडर गेला. मूल-बाळ नव्हतं. आलेगेले पाहुणे पांगले आणि घरात काकू, भिंत आणि एक टिकटिकणारं घड्याळ एवढीच मंडळी उरली. आपणहून कुणाला "या हो कधी" म्हणायचं काकूंच्या जिभेला वळण नव्हतं. म्हटलं आणि तो आला, तर तो का आला याचा विचार करत बसावं लागणार.

पण महिना-दोन महिन्यांत कोपऱ्यावरचा औषधवाला आला. बाइंडरच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून यायच्या. दाराशी चुळबुळ करत म्हणाला, "काकू, साहेब म्हणायचे वाचायला देईन म्हणून. एखादं मिळेल?"

काकूंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. पुस्तक निवडायची त्यांची रीत कारखान्यातलीच होती. माणसाचं माप घ्यायचं आणि बसेल ते द्यायचं.

"तुम्हाला लाल द्यावं म्हणते," त्या म्हणाल्या. "त्यात पुढच्या काळी कुणी स्वयंपाकच करत नाही. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी. तुमच्या धंद्याला बरंच की."

औषधवाला हसला आणि लाल पुस्तक घेऊन गेला. आठवड्यानं परत आला तो थेट आत येऊन खुर्चीवर टेकला. इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "काकू, पुढे काय झालं हो शेवटी?"

काकूंनी कपाळाला हात लावला. काय हा माणूस! एवढं पुस्तक वाचलं आणि शेवटच्या चार पानांना आळस? पण सांगितलं त्यांनी. गोळ्या खाऊन खाऊन लोक चव विसरतात, मग एक म्हातारा चोरून भाकरी भाजतो आणि वासानं अख्खी इमारत त्याच्या दारात येते. सांगता सांगता चहा झाला. तो जाताना पिवळं घेऊन गेला.

मग वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई आल्या. त्यांना काकूंनी राखाडी दिलं, त्यात मुलं डोक्याला पट्टा बांधून झोपतात आणि सकाळी उठून सगळं पाठ. "हे काय हो, माझ्या पोटावर पाय!" म्हणत बाई चार दिवसांनी परत आल्या आणि बसल्या बसल्या विचारलं, "पण शेवटी त्या पोरांचं होतं काय?" मग एक निवृत्त बसवाहक आला. त्याला हवेत उडणाऱ्या बसचं तपकिरी पुस्तक दिलं, तोही शेवट विचारायला आला. बघता बघता काकूंच्या घरी रोज कुणी ना कुणी टेकू लागलं. चहाची पावडर लवकर संपू लागली. "एकालाही पुस्तक पुरं करायचा धीर नाही," असं काकू पुटपुटायच्या, पण दुपारीच कपबश्या धुऊन ठेवायच्या.

एका दुपारी औषधवाला निळं पुस्तक परत द्यायला आला. टेबलावर ठेवलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला, दुकानात कुणीतरी खोळंबलं होतं. "शेवट राहू दे, उद्या ऐकतो," म्हणून तो पळाला.

काकूंनी निळं पुस्तक उचललं. बाइंडरचं शेवटचं म्हणून असेल, त्यांनी ते पहिल्यांदाच उघडलं. आणि सवयीनं, शर्टाची कड बघावी तशी त्याची मागची कड बघितली. शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य असं होतं: 'म्हातारीने दिव्याच्या कळीवर हात ठेवला आणि'. त्यानंतर थेट पुठ्ठा. वाक्य तिथंच अर्धवट लटकलेलं.

काकूंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. पानं चोरीला गेलीत!

चपला पायात सरकवून त्या तडक कोपऱ्यावर गेल्या. दुकानात चार माणसं उभी होती. औषधवाला सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधत होता. छापील कागदाच्या पुडीत. काकूंना आणखी काय हवं होतं?

"हे माझ्या घरातले कागद," त्या म्हणाल्या.

"कोणते?"

काकूंनी त्याच्या हातातली पुडी घेऊन उलगडली. गोळ्या काउंटरवर सांडल्या. कागदावर शाळेच्या पुस्तकातला नद्यांचा नकाशा होता. काकू क्षणभर थांबल्या, पण क्षणभरच. "हा नसेल. बाकीचे असतील. माझ्या नवऱ्याच्या पुस्तकांची पानं फाडून पुड्या बांधता? म्हणून रोज येऊन शेवट विचारत होता होय!"

औषधवाल्याचा चेहरा पडला. "काकू, पानं आधीपासूनच नव्हती. लालमध्येही नव्हती, पिवळ्यातही नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेबांची पुस्तकं. म्हटलं, छापखान्यातल्या खराब प्रती आणल्या असतील, कशाला तुम्हाला दुखवायचं. तुम्ही सांगत होता की सगळं."

"चोराच्या उलट्या बोंबा," काकू म्हणाल्या, आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या.

दुकानातली माणसं कुणी छताकडे, कुणी गोळ्यांकडे बघू लागली. सांडलेल्या गोळ्या औषधवाल्यानं एकेक करून गोळा केल्या. "यापुढे नाही येणार मी," एवढंच तो शेवटी म्हणाला.

असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी शिकवणीच्या बाईंनी त्यांच्याकडचं जांभळं पुस्तक दाराच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवलं, बेलसुद्धा वाजवली नाही. बसवाहक समोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे गेला. काकूंनी दुपारी कपबश्या धुतल्या आणि त्या तशाच पालथ्या राहिल्या.

आता निदान किती नुकसान झालं ते तरी बघावं, म्हणून काकूंनी एकेक पुस्तक काढायला सुरुवात केली. राखाडी, पान नाही. तपकिरी, पान नाही. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरची काढली, ज्यांना बाइंडर गेल्यापासून कुणाचा हातही लागला नव्हता. पाठीवर बोटभर धूळ. उघडून पाहिली, तर त्यांचीही शेवटची पानं गायब. सगळ्या भिंतीला शेवट नव्हता.

काकू स्टुलावरच बसल्या. औषधवाल्याकडून वरच्या फळीवरची धूळ न हलवता पानं काढणं झालं नसतं, हे त्यांना कळत होतं. पण कळलं म्हणून लगेच मान्य करायचं, असं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संशयाला आधी दुसरं घर शोधून द्यावं लागतं. ते सापडलं. नणंद! बाइंडर दवाखान्यात असताना घराची किल्ली नणंदेकडे होती. आणि "हा कागदाचा उकिरडा काढून टाका," असं तिनं एकदा नव्हे, दहादा म्हटलं होतं.

काकूंनी फोन लावला. "वन्सं, तुम्ही ह्यांच्या पुस्तकांना हात लावला होता का?"

"मी?"

"शेवटची पानं नाहीत एकातही."

नणंद म्हणाली, "वहिनी, मला दादाची पुस्तकं हलवायची असती तर कपाटासकट हलवली असती. प्रत्येकाची शेवटची पानं उपटून काय मी लोणचं घालू? तो दवाखान्यात होता तेव्हा मी तुमच्या घरात झोपले, तुमची झाडं जगवली. त्याचं हे फळ का?" आणि फोन ठेवला.

तेही दार बंद झालं. काकूंना वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना चूक सापडत नव्हती याचं वाटलं. त्यांनी निळं पुस्तक पुन्हा घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुस्तकासारखं बघायचं सोडून शर्टासारखं बघितलं. आत, पानांच्या घडीत, शिवण दिसत होती. दोरा पांढरा, नवा. पुस्तक जुनं, कागद पिवळा पडलेला, आणि दोरा मात्र नवा. म्हणजे पानं फाडली नव्हती. कुणीतरी शिवण उसवली होती, शेवटचा भाग काढला होता आणि बाकीचं नीट शिवलं होतं. काकूंनी गाठ शोधली. गाठ डाव्या बाजूला, आत दडवलेली.

बाइंडर डावरा होता. काकूंच्या पिशव्यांचे बंद, उशांचे अभ्रे, परकराची नाडीसुद्धा त्यानं कधी शिवली तर गाठ अशीच डावीकडे, आत दडवलेली असायची. हजारांत ओळखली असती काकूंनी ती.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. रडू आलं नाही, संताप आला. त्यानं का कापली पानं? ज्याला काही लपवायचं असतं तोच कापतो. आणि शेवटात लपवण्यासारखं एकच होतं: त्यानं जेवताना सांगितलेले शेवट खोटे होते. मनचं रचून सांगायचा, आणि मरायच्या आधी पुरावा तेवढा काढून टाकला. काकूंना प्रत्येक जेवण आठवलं. पिवळ्यातला मुलगा परत आल्यावर आपण दोघं कसे हसलो होतो ते आठवलं. ते हसणं खऱ्याचं होतं की थापेचं? शेवट खोटे, तर "छापखान्यात उशीर झाला" हे खरं कशावरून? "माझं काही दुखत नाही" हे खरं कशावरून? एक बटण हातात आलं की काकू अख्खा शर्ट बाजूला काढायच्या. इथं तर अख्खा संसार बाजूला निघाला होता, आणि ज्याला जाब विचारायचा तो माणूस जागेवर नव्हता.

सकाळी त्या छापखान्याच्या बांधणीखात्यात गेल्या. बाइंडरचा जोडीदार अजून तिथंच काम करत होता. पुस्तकांना खळ लावण्यात त्याचा हात असा की सगळे त्याला खळकाका म्हणायचे. लांबलचक टेबल, एका टोकाला खळीचं पातेलं, भिंतीशी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, जमिनीवर पुठ्ठ्याच्या कातरणीचा ढीग. खळकाकांनी काकूंना बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

"या वहिनी. तुम्ही कधी येणार याचीच वाट बघत होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!" काकूंनी लगेच पकडलं.

"बसा तर आधी."

काकू बसल्या नाहीत. "पानं कुणी काढली?"

"त्यानं. मीही हात लावला, खोटं कशाला बोलू. त्याच्या हाताला नंतर नंतर कंप यायचा ना. पिशवीतून चार-पाच पुस्तकं घेऊन यायचा. आपल्याकडे सोळा पानांचा एक फर्मा असतो, असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक शिवतात. तो प्रत्येकाचा शेवटचा फर्मा काढायचा. मी म्हटलं, अरे, चांगली पुस्तकं अधू का करतोस?"

"का करत होते?"

खळकाकांनी हात फडक्याला पुसले. "म्हणाला, 'पुरं पुस्तक लोक दारातूनच परत देतात. धन्यवाद म्हणतात आणि जातात. शेवट नसला, की विचारायला आत येतील, बसतील. तिच्याकडे शेवट सगळे आहेत. एवढी वर्षं जेवताना दुसरं काय केलं मी? नाहीतर ती काही कुणाला आपणहून या म्हणायची नाही.' असं म्हणाला."

काकू आता बसल्या.

खिडकीबाहेर हातगाडी जात होती, तिच्या चाकांचा आवाज दूरपर्यंत ऐकू आला. औषधवाला खुर्चीच्या कडेला बसून चहा पितोय, शिकवणीच्या बाई पदर सावरत हसतायत, बसवाहक हातवारे करतोय, हे सगळं काकूंच्या डोळ्यांसमोरून गेलं. माणसं आपली आपण आली, असं त्यांना वाटलं होतं. त्यानं पाठवली होती. आणि त्यांनी एकेकाला हाकलून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या.

"मीही हेच विचारलं. म्हणाला, सांगितलं तर ती तपासत बसेल."

काकूंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं. खळकाका पातेल्यात उगाच ब्रश फिरवत राहिले.

मग डोळे पुसून काकू म्हणाल्या, "ते फर्मे कुठे आहेत?"

"वहिनी!"

"कुठे आहेत?"

खळकाकांनी सुस्कारा सोडला. "मला म्हणाला होता, रद्दीत घाल. पण छापलेला फर्मा रद्दीत घालायला माझा हात वळत नाही." शिकंज्याखालच्या कप्प्यातून त्यांनी खाकी कागदात बांधलेला गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. सगळ्या भिंतीचे शेवट तेवढ्याशा गठ्ठ्यात होते.

भला माणूस असता तर त्यानं तो गठ्ठा कपाळाला लावून परत देऊन टाकला असता. काकू भल्या होत्या, पण तपासनीस आधी होत्या. त्यांनी चष्मा लावला, सुतळी सोडली आणि एकेक फर्मा वाचायला घेतला. लालमधला म्हातारा खरंच भाकरी भाजत होता. पिवळ्यातला मुलगा खरंच परत येत होता, फक्त पावसात येत होता, ते बाइंडर सांगायचा विसरला होता. हिरव्यातलं यंत्र माफी मागून खरंच स्वतःला बंद करत होतं. दुपार उलटली. खळकाकांनी डबा पुढे केला, काकूंनी मानेनंच नको म्हटलं. एकामागून एक शेवट जेवताना ऐकला होता तसाच निघत होता. प्रत्येकागणिक काकूंच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. माणूस खरा होता.

मग निळ्याचा फर्मा आला.

निळ्यात एका उजाड चंद्रावर एक म्हातारा आणि एक म्हातारी दिवा सांभाळतात. जाणाऱ्या जहाजांना त्या दिव्यावरून वाट कळते. बाइंडरनं उशीला टेकून शेवट सांगितला होता तो असा: एक मोठं जहाज येतं आणि दोघांनाही घरी घेऊन जातं. एकत्र.

फर्म्यात तसं नव्हतं.

"सापडलं!" काकू मोठ्यानं म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना आनंद होता, दोष हाती लागल्याचा. खळकाका दचकले. काकूंनी बोट ओळीवर ठेवलं आणि पुढे वाचत गेल्या, आणि वाचता वाचता तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

फर्म्यात जहाज येतं तेव्हा म्हातारा गेलेला असतो. कप्तान म्हातारीला चल म्हणतो, ती नाही म्हणते. जहाज निघून जातं. म्हातारी पुन्हा दिव्याच्या कळीवर हात ठेवते आणि या वेळी कळ अर्धीच फिरवते. दिवा अर्धाच लागतो. त्या उजेडात जहाजांना वाट दिसते, पण अर्धी. उरलेली विचारायला त्यांना थांबावं लागतं, उतरावं लागतं, म्हातारीचं दार वाजवावं लागतं. पुस्तकाच्या अगदी शेवटी तिच्या दारापुढे जहाजांची रांग लागलेली असते.

काकूंनी फर्मा खाली ठेवला. एवढ्या सगळ्या पुस्तकांत त्यानं एकच थाप मारली होती. म्हातारा जातो हे त्याला बायकोच्या तोंडावर सांगवलं नव्हतं. आणि म्हातारीची युक्ती तेवढी त्यानं गुपचूप उचलली होती.

"परत शिवून देऊ का सगळे?" खळकाकांनी विचारलं. "चार दिवसांचं काम."

"नको," काकू म्हणाल्या. "बांधून ठेवा परत. आणि तुम्ही एकदा घरी या." म्हणून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण शब्द मागे घेतला नाही.

घरी न जाता त्या आधी कोपऱ्यावर गेल्या. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी होती. औषधवाल्यानं त्यांना बघितलं आणि मान खाली घालून पुड्या बांधत राहिला. काकूंनी गर्दी कमी होण्याची वाट बघितली नाही. ओरडल्या होत्या चारचौघांत, तर बोलायचंही चारचौघांतच होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पानं तुम्ही नाही घेतली. ह्यांनीच काढून ठेवली होती. मी तुम्हाला चोर म्हटलं, ते माझ्या तोंडून जायला नको होतं."

औषधवाल्याची पुडी अर्धी दुमडलेली हातात राहिली. "असू दे काकू," तो कसाबसा म्हणाला.

"असू दे कसं? तुमचा निळ्याचा शेवट राहिलाय माझ्याकडे."

"राहू दे आता."

"म्हातारा जातो," काकू म्हणाल्या. "जहाज यायच्या आधीच जातो. म्हातारी एकटी राहते. कप्तान तिला न्यायला तयार असतो, पण ती जात नाही."

काउंटरपाशी खोकल्याचं औषध घ्यायला आलेली बाई पर्स उघडी ठेवून ऐकत होती. औषधवाल्यानं पुडी खाली ठेवली. "का नाही जात? काय करते मग ती तिथं?"

काकूंनी खांद्यावरची पिशवी नीट केली आणि पायरी उतरल्या.

"काकू! मग काय करते ती?"

"घरी या," काकू वळून म्हणाल्या. "शिकवणीच्या बाईंनाही घेऊन या वरच्या. चहा टाकते मी."

आणि रस्त्यानं चालता चालता त्यांनी नणंदेला फोन लावला.